‘लोक फार हसले,’ बाई म्हणाल्या

पत्र थोडक्यात :

ताई, मी 26 वर्षांचा आहे, ठाण्यात राहतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी नाटक. आमच्या ग्रुपसाठी मी ‘ग्रुप बुकिंग’ नावाची एकांकिका लिहिली आहे. काळ 1942, जागा जर्मन रेल्वेचं एक ऑफिस. दोन कारकून, एक हेडक्लार्क आणि एक टायपिस्ट एका स्पेशल गाडीच्या भाड्याचा हिशोब करत बसलेत. माणसं किती, किलोमीटर किती, चारशे किंवा त्याहून जास्त माणसं असली तर निम्मं भाडं, मग मुलांचं काय? भाषा आपल्या ऑफिसांतली. शेवटच्या वाक्यात कळतं की गाडी ऑशविट्झला, ज्यूंना मारायच्या नाझी छावणीला, चालली आहे. ब्लॅकआउट.

सोसायटीच्या हॉलमध्ये रंगीत तालीम केली. लोक पोट धरधरून हसले आणि शेवटी चिडीचूप. मला वाटलं, जमलं. पण खालच्या मजल्यावरच्या बाई विसाव्या मिनिटाला उठून गेल्या. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आहेत. शाळेत मला मराठी त्यांनीच शिकवलं, लहानपणी त्यांच्या घरचा मलिदा खाल्लाय. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “छान लिहितोस. लोक फार हसले.” एवढंच. तेव्हापासून झोप उडाली आहे. दिग्दर्शक म्हणतो, ज्याला लागतं त्यानं बघू नये. टायपिस्टचं काम करणारी मैत्रीण म्हणते, आता मी हे करणार नाही. बाबा म्हणतात, परक्यांच्या मयताला कशाला जातोस, आपल्याकडचं काही लिही. एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी तीन आठवड्यांवर आली आहे. एकांकिका मागे घेऊ का? आणि दुःखावर विनोद करायचाच नसेल तर आम्ही लिहायचं तरी काय?

उत्तर :

अरे-तुरे केलंत तर आवडेल असं तूच लिहिलं आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

संहिता सोबत पाठवलीस ते बरं केलंस. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री, जेवणं झाल्यावर, ओटा आवरायच्या आधी. पान 6 वर तो हेडक्लार्क भडकतो ना, “तीनशे अठ्ठ्याण्णव? दोन कमी? अहो, दोन माणसांपायी सवलत घालवता? बघा, शेजारच्या गल्लीत कुणी मिळतंय का!” तिथे मी इतकी हसले की आतून ‘काय झालं?’ म्हणून हाक आली. दुसऱ्यांदा वाचली ती सकाळी, चहा घेताना. तेच पान, तेच वाक्य. चहा तसाच गार झाला. दुसऱ्या वेळी गाडी कुठे चालली आहे हे मला माहीत होतं.

या दोन वाचनांकडे मी परत येईन. आधी बाईंचं बोलू.

मला तू सहा पानं लिहिलीस. मी वाशीत राहते, तुला कधी पाहिलेलं नाही. बाई तुझ्या दोन मजले खाली राहतात. त्यांच्या त्या पाच शब्दांचे तू पत्रात चार अर्थ लावले आहेस. राग, उपरोध, माफी, टोमणा. (पाचवा अर्थ ‘खरंच छान लिहितोस’ असाही असू शकतो, तो तुला सुचलाच नाही.) मात्र दार वाजवून “बाई, तुम्ही का उठलात?” हे विचारलेलं कुठे दिसलं नाही. का विचारलं नाहीस, याचं उत्तर मला अंधुक कळतं. बाई बेने इस्रायली म्हणजे ज्यू, ज्यू म्हणजे त्यांना लागणारच, आणि लागलं आहे तर आता त्यांच्यासमोर काय तोंड घेऊन जायचं, अशी ती साखळी आहे. तिची पहिली कडीच जरा तपासून बघू.

बेने इस्रायली माणूस म्हणजे युरोपातल्या ज्यूंचा ठाण्यातला प्रतिनिधी नव्हे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची आपली परंपरेची गोष्ट आहे. कोकणात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, रेवदंडेकर. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मराठीतून कीर्तनं केली, त्यांत आख्यानं जुन्या करारातली आणि थाट आपल्या हरदासांचा. ठाण्याचं शार हशामाईम हे सिनेगॉग 1879 सालचं. तू टेंभी नाक्यावरून देवीच्या गर्दीत हजारदा त्याच्या आसपास गेला असशील. या समाजाला इथे गॅस चेंबर तर सोडच, ज्यू म्हणून शेजाऱ्यांचा त्रासही झाला नाही, असं त्यांच्यातले जाणते अभिमानानं सांगतात. त्यांचं दुखणं असलंच तर वेगळं. 1948 नंतर निम्मं गणगोत इस्रायलला गेलं, इथे मोजकी हजारांतली माणसं राहिली. आणि 2008 च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये सहा जण मारले गेले, ते ज्यूंचं ठिकाण म्हणून हेरून. त्या रात्री बाई ठाण्यात टीव्हीसमोर बसून काय बघत होत्या, हे तुला ठाऊक आहे का? मला नाही. कदाचित त्यांना यातलं काहीच आठवलं नसेल आणि हॉलमधल्या एसीनं गुडघे धरले असतील.

थोडक्यात, नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या वतीनं नाराज व्हायची जबाबदारी एका निवृत्त शिक्षिकेवर टाकू नकोस. आणि त्या मोकळ्या मनानं ‘मला काही वाटलं नाही रे’ म्हणाल्या, तर त्या साठ लाखांची माफी पदरात पडली असंही समजू नकोस.

आता माझा अंदाज सांगते. अंदाजच आहे, कारण मी हॉलमध्ये नव्हते.

तू लिहितोस की ऑशविट्झ हा शब्द शेवटच्या वाक्यापर्यंत येत नाही, तोवर प्रेक्षकांना वाटतं की ही कुठल्या तरी सहलीची नाहीतर कारखान्याच्या कामगारांची गाडी असेल. साल 1942 आहे, हे नेपथ्यातल्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात. साधारण विसाव्या मिनिटाला, म्हणजे तुझ्या संहितेत पान 6 च्या आसपास, दोन माणसं कमी पडतात. साठ-सत्तर माणसं खदखदून हसली. त्या हॉलमध्ये 1942 आणि जर्मन रेल्वे या दोन गोष्टी शेजारी ठेवून गाडी कुठे चालली आहे हे ओळखणारं माणूस एकच असेल, तर? त्यांनी त्या संध्याकाळी दुसरीच एकांकिका पाहिली. बाकीचे रात्रीचं वाचन बघत होते आणि बाई सकाळचं. बघणारीला शेजारी बसलेल्यांचं हसणं ऐकू येत होतं.

“लोक फार हसले” हे वाक्य आता पुन्हा वाच.

काळा विनोद उधारीवर चालतो, असं मला वाटतं. लेखक एक साधं वाक्य टाकतो आणि उरलेला सगळा भार प्रेक्षकाच्या आठवणीतून उचलतो. प्रेक्षकाच्या खात्यात ती आठवण जमा असेल तर ‘दोन माणसं कमी पडतायत’ एवढ्यावर घशात हसू अडकतं. खातं रिकामं असेल तर तोच चेक साध्या विनोदासारखा वटतो. मग लोक कशाला हसले? हेडक्लार्कच्या कंजूषपणाला. आपल्या ऑफिसातल्या सवलतवेड्या साहेबाला. हाफ तिकिटावरून होणाऱ्या हुज्जतीला तर आपण जन्मजात हसतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला आली याचा टेंभा मिरवणारी माणसं आपण. रेल्वेचा विनोद ठाणेकराला समजावून सांगावा लागत नाही.

आणि या विषयाचं आपलं खातं किती रिकामं आहे, ते बघ. आपल्याकडे हिटलर म्हणजे कोण? शिस्तीचा माणूस. ‘आमची सासू म्हणजे हिटलर’, ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे’. शाळेत आमच्या मुख्याध्यापिकेला आम्ही सगळ्या हिटलर म्हणायचो. मी तर वहीच्या मागच्या पानावर तिला मिशी काढली होती. तिचा गुन्हा एवढाच की रिबिनी पांढऱ्याच हव्यात असा तिचा हट्ट होता. स्टेशनबाहेरच्या पुस्तकवाल्यांकडे त्याचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. माझ्याच गावची, म्हणजे नवी मुंबईची गोष्ट सांगते. 2006 च्या ऑगस्टमध्ये खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं हॉटेल उघडलं. भिंतीवर त्याचा फोटो, नावासोबत नाझी चिन्ह. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी आक्षेप घेतला, गदारोळ झाला आणि थोड्याच दिवसांत नाव बदललं. हॉटेलवाल्यांचं म्हणणं काय होतं, तर लोकांच्या लक्षात राहील असं नाव हवं होतं. मला त्यांच्यात द्वेष दिसला नाही. मला दिसलं रिकामं खातं. आणि बातमी वाचून ‘अगंबाई, असं कसं!’ म्हणणारी मी माझ्या वहीतली मिशी विसरले होते.

म्हणून ‘या विषयावर विनोद करावा की नाही’ हा तुझा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. विनोद झालेला आहे, आणि ज्यांनी सर्वांत आधी केला ते स्वतः त्या गाड्यांच्या यादीत होते. आजच्या चेक देशातल्या तेरेझिनच्या वस्तीत नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं. तिथून पूर्वेकडे गाड्या सुटायच्या. तिथे कारेल श्वेंक नावाचा तरुण कॅबरे करायचा. 1944 मध्ये त्यानं एक नाटक लिहिलं. वेड्यांच्या इस्पितळातले वेडे सुटतात, सत्ता काबीज करतात आणि ठरवतात की जगातल्या सगळ्या संकटांचं मूळ म्हणजे सायकलवाले. रंगीत तालीम झाली आणि वस्तीतल्या ज्यू वडीलधाऱ्यांच्या मंडळानंच प्रयोग बंद पाडला, नाझींना कळलं तर काय होईल या भीतीनं. श्वेंक 1945 मध्ये गेला, सुटका व्हायच्या आधी. त्या तालमीला बसलेल्या एकाही माणसाला सायकलवाले म्हणजे कोण, हे समजावून सांगायची गरज नव्हती.

इतकं लांब जायलाही नको. 1930 च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारखे शाहीर आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले. अस्पृश्यतेवरचे फार्स करायचे, देवळात न घेणाऱ्याची, पाणी न देणाऱ्याची टर उडवायचे. समोर बसलेल्यांना त्याच दिवशी पाणवठ्यावरून हाकललेलं असायचं. हसणाऱ्यांचं खातं काठोकाठ भरलेलं. असा हशा मनावर घेऊन माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी जरा ताठ चालतो.

उलट बाजूनं चॅप्लिन बघ. हिटलर जिवंत, जोरात असताना, 1940 मध्ये त्यानं त्याची सोंगं काढणारा बोलपट केला. धाडसाचंच काम. पण 1964 च्या आत्मचरित्रात त्यानं लिहून ठेवलं आहे की छळछावण्यांत खरोखर काय चाललं होतं हे तेव्हा ठाऊक असतं, तर आपल्या हातून तो बोलपट झाला नसता. काही जण याचा अर्थ ‘बघा, त्यालाही पश्चात्ताप झाला’ असा काढतात. मला तसं वाटत नाही. माहिती नसताना हसणं आणि माहिती झाल्यावर हसणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्याला कळलं होतं. तुझा शेवटचा ब्लॅकआउट प्रेक्षकांना पहिल्या प्रकारचं हसू अर्धा तास हसवतो आणि मग कानाखाली वाजवतो.

हॉल चिडीचूप झाला म्हणून तुला वाटलं, जमलं. पण धक्का बसलेली माणसंही गप्प असतात, आणि आपल्याला फसवलं गेलं असं वाटलेलीही. शिवाय एक बोचणारी गोष्ट सांगते. शेवटची जागा तू मेलेल्यांना दिलीस, पण पंचलाइन म्हणून. पस्तीस मिनिटं ते कुठेच नाहीत आणि एकदम शेवटी एका गावाच्या नावात येतात, पडदा पाडण्यापुरते. ऑशविट्झला सुमारे 11 लाख माणसं मारली गेली. त्यांचं काम तुझ्या संहितेत एवढंच आहे की लोकांचं हसू बंद करायचं.

तुझ्या बाबांबद्दल. ‘परक्यांच्या मयताला’ हे त्यांचं बोलणं मला पटत नाही, आपण परक्यांच्या मयताला जातो म्हणूनच माणसं आहोत. पण त्यांच्या ‘आपल्याकडचं लिही’मध्ये एक चिमटा आहे, त्यांनी काढला नसेल तर मी काढते. तुझ्या घरापासून कोपरी किती लांब? तिथे फाळणीनंतर सिंधमधून अंगावरच्या कपड्यानिशी आलेल्यांची घरं आहेत. खाडीच्या कडेला मुंब्रा आहे. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून किती कुटुंबं तिकडे राहायला आली, हे लोकलमध्ये कुणीही सांगेल. त्या दंगलीत सुमारे 900 माणसं मेली असं श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं. त्यावर ‘ग्रुप बुकिंग’ लिहिलीस का? लिहिली असतीस तर सोसायटीच्या हॉलमध्ये कोणकोण हसलं असतं, कोण उठून गेलं असतं, आणि किती जण दुसऱ्या दिवशी जिन्यात एवढं शांतपणे बोलले असते? तू लगेच ते लिहावंस असं माझं म्हणणं नाही, तीन आठवड्यांत तर अजिबातच नको. पण 1942 चं जर्मनी तुला सोपं का वाटलं, हे एकदा स्वतःला विचार. तिथले मेलेले खुर्च्या मोडायला येत नाहीत. ‘लेखकाचं स्वातंत्र्य’ वगैरे मोठे शब्द काढण्याआधी हा हिशोब झालेला बरा.

दिग्दर्शकाचं ‘ज्याला लागतं त्यानं बघू नये’ हे मला आळशीपणाचं वाटतं. बाईंना गाडी कुठे चालली आहे हे आधी सांगितलं होतं का? मग त्यांनी न बघायचं कसं ठरवायचं? आणि मैत्रिणीला ‘भाबडी’ म्हटलं आहेस, ते आधी मागे घे. रोज संध्याकाळी ज्याला स्वतःच्या तोंडानं ते शब्द बोलायचे आहेत त्याला नाही म्हणायचा हक्क आहे. तिला मनवू नकोस, विचार की नेमकं कुठे अडतं. माझी पैज आहे, ती पान 6 सांगेल. टायपिस्टला सगळ्या संहितेत तीनच वाक्यं आहेत, तिन्ही ‘हो सर’. म्हणजे ऐकायला तिच्याइतकं रिकामं त्या ऑफिसात कुणीच नाही.

मग करायचं काय? मागे घेणं हा एक रस्ता आहे आणि तो वाईट नाही. फक्त बाईंच्या नावावर मागे घेऊ नकोस. ‘एका बाईंना वाईट वाटलं म्हणून केली नाही’ हे वाक्य तू पुढची दहा वर्षं नाटकवाल्यांच्या कट्ट्यावर सांगत बसशील आणि दर वेळी बाई जरा जास्त चिडक्या होत जातील. जशी आहे तशी करणं हा दुसरा रस्ता. बक्षीस मिळायची शक्यता यातच जास्त, हे मी खोटं कशाला बोलू? परीक्षकांना शेवटचा धक्का आवडतो. मी कित्येक वर्षं गडकरी रंगायतनला एकांकिका बघते आहे, शेवटच्या वाक्यात बॉम्ब फुटला नाही तर बाल्कनीतून शिट्टी येत नाही.

मला विचारशील तर तिसरा रस्ता. गाडी कुठे चालली आहे, हे पहिल्या मिनिटाला सांगून टाक.

घाबरू नकोस, विनोद मरणार नाही. उलट तेव्हाच तो काळा होईल. कसं सांगायचं हे तुझं तू बघ, मी फक्त एक कागद सुचवते. 20 जानेवारी 1942 ला बर्लिनच्या वान्झे तळ्याकाठच्या एका बंगल्यात 15 अधिकारी जमले. साधारण दीड तास मीटिंग चालली. तिचं इतिवृत्त आहे. त्यात युरोपातल्या ज्यूंचा देशवार तक्ता आहे, एकूण आकडा 1 कोटी 10 लाखांच्या वर. अल्बानियासारख्या देशासमोर 200 असा आकडा टंकलेला आहे, म्हणजे कुणीतरी बसून तेवढेही मोजले. थेट ‘मारणे’ असं कुठे नाही, ‘पूर्वेकडे रवानगी’ असली भाषा. आपल्या खात्यांतली परिपत्रकं वाचलेल्या माणसाला ती भाषा लगेच ओळखू येईल. पडदा उघडल्यावर तुझ्या त्या ‘हो सर’वाल्या टायपिस्टनं त्या तक्त्यातल्या चार ओळी नुसत्या सपाट आवाजात वाचल्या, रवानगी म्हणजे काय ते एका वाक्यात सांगितलं आणि मग हेडक्लार्क ‘चहा सांगा हो’ म्हणत आत आला, तर? प्रेक्षकाच्या खात्यात तू स्वतःच रक्कम भरलीस. आता खुशाल चेक फाड. पान 6 ला कुणी हसलं तर त्या हसण्याचा त्याला स्वतःलाच आवाज येईल. कुणी हसलंच नाही, तरी प्रयोग पडला असं मानू नकोस.

एक धोका आहे. सुरुवातीला भाषण झालं तर एकांकिकेचं कीर्तन होईल. दीड मिनिटाच्या वर जाऊ नकोस. आणि पार्श्वसंगीतात व्हायोलिन नको, हात जोडून सांगते.

तुझ्यासारखी पत्रं अधूनमधून येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठीही. ऐरोलीच्या एका आईनं विचारलं होतं की फॅन्सी ड्रेसला मुलाला हिटलर करू का, मिशी तयार आहे. सहा वर्षांचं पोर विनोद करत नसतं, त्याला फक्त टाळ्या कळतात. नको. घणसोलीचा एक मुलगा स्टँडअप करतो, त्याला दंगलीवरचे पाच मिनिटांचे विनोद करायचे होते. त्याला मी विचारलं की तुझ्या घरातलं कुणी त्या दिवसांत काय करत होतं, ते माहीत आहे का? त्यानं आजोबांना विचारलं. पुढचं त्यानं कळवलं नाही, आणि मीही खोदलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर गॅस चेंबरचे स्टिकर टाकणाऱ्या काकांसाठी माझ्याकडे सल्ला नाही. त्यांना फोन करून ‘याचा अर्थ काय हो?’ असं भोळेपणानं विचारावं. समजावून सांगता सांगता बहुतेक काका थांबतात.

आता बाईंकडे जा. या रविवारीच जा, शनिवारी नको, त्यांचा शब्बाथ असेल. माफीचं भाषण पाठ करून जाऊ नकोस, आणि ना हरकत प्रमाणपत्र मागायलाही जाऊ नकोस. बाईंनी हो म्हटलं तर ते प्रयोगाच्या माहितीपत्रकात छापायचं नाही. संहितेची प्रत ने, कारण त्या मराठीच्या बाई आहेत आणि लाल पेन त्यांच्या टेबलावर असणारच. एकच प्रश्न विचार, “तुम्ही कुठल्या पानाला उठलात?” आणि मग बोलणं त्यांच्यावर सोड. त्या युरोपाबद्दल बोलतील, नरिमन हाऊसबद्दल बोलतील, गुडघ्यांबद्दल बोलतील किंवा तुझ्या शुद्धलेखनाबद्दल. जे बोलतील ते ऐक, आणि निदान त्या दिवशी तरी त्याचा संवाद करू नकोस.

जाण्यापूर्वी संहितेत दोन दुरुस्त्या कर, नाहीतर बाईंच्या आधी मीच लाल पेन काढेन. चारशे किंवा जास्त माणसांना निम्मं भाडं, हे तू बरोबर घेतलं आहेस, ते जर्मन रेल्वेचे खरोखरचे दर होते. बिलं प्रवासी कंपनीमार्फत जायची, आणि पैसे अनेकदा त्याच लोकांच्या जप्त मालमत्तेतून यायचे, तेही घेता आलं तर घे. पण पान 4 वर तू दहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना फुकट नेलं आहेस. फुकट होतं ते चार वर्षांखालच्यांना. चार ते दहा अर्धं तिकीट. आणि पान 9 वर कारकून सगळ्या गाडीचं भाडं एकेरी लावतो, तिथे हेडक्लार्कनं त्याला अडवायला हवं. एकेरी फक्त प्रवाशांचं होतं. पहारेकऱ्यांचं जायचं-यायचं धरायचे.